मुलाच्या हाती काम देणारा सिनेमा

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता आणि महिन्यातून एका शनिवारी मुलांना सिनेमा दाखवायचं ठरवलंय. पहिलाच सिनेमा फसला. रंगीत होता, गाणी होती, खास मुलांसाठी म्हणून केलेला होता. तरी अर्ध्या तासात पोरं एकमेकांच्या चपला लपवायला लागली. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: चांगला बालचित्रपट ओळखायचा कसा, त्यात संदेश असलाच पाहिजे का, आणि रडवणारं किंवा घाबरवणारं काही लहान मुलांना दाखवावं का.

मी २७ वर्षं या कामात आहे. सिनेमासाठी मुलं निवडते, त्यांची तयारी करून घेते, शूटिंगला त्यांच्याबरोबर असते. काम नसेल तेव्हा प्रोजेक्टर घेऊन शाळाशाळांत जाते. तिथे मी पडद्याच्या कडेला, मुलांकडे तोंड करून बसते. खिडक्यांना सतरंज्या बांधलेल्या, दीडशे पोरं जमिनीवर मांडी घालून, आणि पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर. तेवढ्या उजेडात सगळं दिसतं. चुळबुळ कुठे सुरू झाली, पाठी कुठे ताठ झाल्या, कुणी शेजाऱ्याचा हात कधी घट्ट धरला. बालचित्रपटाबद्दल मला जे कळलं ते बहुतेक या तोंडांवरूनच.

पहिली गोष्ट ही कळली की पोरं संथ प्रसंगाला कंटाळत नाहीत. निर्माते सतत म्हणतात, 'मुलांसाठी आहे, वेग पाहिजे.' मीही बरीच वर्षं तेच मानत होते. पण बैल नुसता चालतोय, मुलगा दाराशी कुणाची वाट बघत उभा आहे, बाहेर पाऊस लागलाय, अशा प्रसंगांत दीडशे पोरं चिडीचूप बसलेली मी पाहिली आहेत. आणि पडद्यावर पाठलाग चाललाय, ढोल वाजताहेत, सगळे ओरडताहेत, तेव्हा मागच्या रांगेत गोट्यांची देवाणघेवाण. चुळबुळ सुरू होते ती मुलाला करायला काही उरलं नाही की. करायला म्हणजे मनातल्या मनात: पुढे काय होईल याचा अंदाज, कुणाची तरी काळजी, पैशांचा हिशेब, एखाद्याचं खोटं त्याच्याआधी ओळखणं. चांगला बालचित्रपट मुलाला असं काम देतो. वाईट बालचित्रपट ते सगळं स्वतः करून टाकतो आणि मुलाला रिकामं बसवतो.

याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण इराणचं आहे. अब्बास किआरोस्तामींचा १९८७ सालचा सिनेमा. नावाचा अर्थ 'मित्राचं घर कुठे आहे?' कोकेर नावाच्या खेड्यातला अहमद शाळेतून घरी येतो, दप्तर उघडतो, तर शेजारी बसणाऱ्या मोहम्मद रझाची वही त्याच्याकडे आलेली. दोन्ही वह्या सारख्याच दिसणाऱ्या. आणि त्याच दिवशी मास्तरांनी मोहम्मद रझाला सगळ्या वर्गासमोर रडवलंय: पुन्हा गृहपाठ वहीत केला नाहीस तर शाळेतून काढून टाकीन. मित्र राहतो पोश्ते गावात, टेकडीपलीकडे. त्याचं घर अहमदने पाहिलेलं नाही. गोष्ट एवढीच.

सिनेमा फारसीत आहे. मी माईक घेऊन मोजकं मराठीत सांगत जाते. अहमद आईला सांगू लागतो की वही द्यायला गेलंच पाहिजे. आई कपडे धुतेय. आधी अभ्यास कर म्हणते, बाळाकडे बघ म्हणते, पाव आण म्हणते. तो पुन्हा सांगतो. ती पुन्हा तेच. तो आणखी एकदा सांगतो. इथे माझ्यासमोरची तोंडं आक्रसत जातात, कारण हे त्यांच्या घरी रोज होतं: मूल काहीतरी खरं, तातडीचं सांगतंय आणि मोठ्या माणसाला ते ऐकूच जात नाही. आई दुष्ट नाही. तिला काम आहे. तिच्या जागी तीही बरोबर आहे, आणि मुलांना तेही दिसतं. खलनायक नसतानाही एवढा ताण येतो, तो याच ऐकून न घेण्यातून.

अहमद शेवटी पळतोच. वळणावळणाची वाट, टेकडीवर एकच झाड, अनोळखी गल्ल्या. घर सापडत नाही. रात्री तो वही तशीच घेऊन परततो, जेवत नाही, कोपऱ्यात गृहपाठाला बसतो. वाऱ्याने दार धाडकन उघडतं, बाहेर अंगणात आई वाळत घातलेले कपडे गोळा करतेय. एका गावात, नेमक्या या क्षणी, तिसऱ्या रांगेतली चौथीतली एक मुलगी ताडकन उठून म्हणाली, 'अरे मग तूच लिही ना त्याचं!' पुढच्याच प्रसंगात वर्ग भरलाय, मोहम्मद रझा घाबरून बसलाय, अहमद उशिरा येतो आणि त्याची वही त्याच्यापुढे सरकवतो. दोघांचा गृहपाठ त्याने रात्री करून ठेवलाय. त्या मुलीचं तोंड मी कधी विसरणार नाही. तिने अहमदच्या बरोबरीने उत्तर काढलं होतं.

तिला ते काढता आलं, कारण सिनेमाने ते दाखवलंच नाही. अहमदला युक्ती सुचली तो क्षण पडद्यावर नाही. दार, वारा, आई, आणि थेट सकाळचा वर्ग. मधली रात्र प्रेक्षकाच्या ताब्यात. हाच प्रसंग आपल्याकडच्या कितीतरी पटकथांत मी वेगळा लिहिलेला वाचलाय: मुलाचा चेहरा उजळतो, बासरी वाजते, आणि तो म्हणतो, 'सुचली! मला कल्पना सुचली!' झालं, तिसऱ्या रांगेतल्या मुलीचं काम काढून घेतलं.

दुसरं म्हणजे अडचणीचं माप. चौथीतल्या मुलासाठी वही ही लहान गोष्ट नसते. मास्तर रागावणार, वर्ग बघणार, मित्र रडणार, आणि हे आपल्यामुळे. याहून मोठं संकट त्या वयात कमी असतं. वाईट बालचित्रपट बनवणाऱ्याला ही अडचण 'छोटी' वाटते, म्हणून तो तस्कर आणतो, बॉम्ब आणतो, चार पोरांकडून देश वाचवतो. साहसकथेला माझा विरोध नाही. पण मुलगा तस्करांच्या मागे का धावतोय, हे त्याच्या वयाच्या कारणातून आलं पाहिजे. त्याचा कुत्रा त्या गाडीत आहे म्हणून धावला, तर पोरं त्याच्याबरोबर धावतील. देशासाठी धावला, तर टाळ्या वाजवतील, कारण तिथे टाळ्या वाजवायच्या असतात हे त्यांना शाळेने शिकवलंय. त्या दोन्हींतला फरक समोर बसलं की लगेच दिसतो.

आपल्याकडे परेश मोकाशींच्या २०१४ सालच्या 'एलिझाबेथ एकादशी'त हे माप फार नेमकं पकडलंय. पंढरपूरचं घर, आईचं विणकामाचं मशीन बँकेने नेलेलं, पैसे उभे करायला वडिलांनी बनवलेली सायकल विकायची पाळी. त्या सायकलचंच नाव एलिझाबेथ. कार्तिकी एकादशीच्या गर्दीत ज्ञानेश आणि त्याची बहीण, आईपासून लपवून, बांगड्यांचं दुकान मांडतात. हा सिनेमा लावला की मी मुलांचे ओठ बघते. ती आकडेमोड करत असतात. आज किती झाले, अजून किती पाहिजेत, एकादशीला किती दिवस राहिले. त्यांना कुणी बेरीज करायला सांगितलेलं नसतं.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालचित्रपटाचा मान या सिनेमाबरोबर 'काका मुट्टई' या तमिळ चित्रपटाला विभागून मिळाला होता. चेन्नईच्या झोपडपट्टीतले दोन भाऊ, रुळांलगत पडलेला कोळसा वेचून विकतात, आणि त्यांना एकदा पिझ्झा खायचाय. एवढीच इच्छा. पैसे जमतात तर दुकानात कुणी शिरू देत नाही, मग अंगावर चांगले कपडे हवेत, मग त्याची खटपट. गरिबीवर एक शब्द कुणी बोलत नाही. शेवटी पिझ्झा खायला मिळतो आणि तो त्यांना आवडतच नाही. आजीने केलेला डोसा बरा होता. एम. मणिकंदन या दिग्दर्शकाने तो निकाल त्या दोघांवर सोडला, म्हणून तो खरा वाटतो.

आता मोठ्यांसारखं बोलणारी मुलं. तुम्ही दाखवलेल्या सिनेमात ती असणारच याची मला जवळजवळ खात्री आहे. सहा वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून बापाला संसाराबद्दल काहीतरी चुरचुरीत ऐकवते. अशा वाक्याला शाळेत काय होतं सांगते. मागे खुर्च्यांवर बसलेले शिक्षक हसतात आणि पोरं माना वळवून मागे बघतात, की सर का हसले. ते वाक्य पोरांसाठी लिहिलेलंच नव्हतं. मुलाच्या तोंडून मोठ्यांना गुदगुल्या करायच्या होत्या. सिनेमा निवडताना ही एकच खूण धरलीत तरी निम्मे बाद होतील: कोण हसतंय ते बघा.

संदेशाचा प्रश्न. हा माझ्या जिवाचा प्रश्न आहे, कारण गेल्या २७ वर्षांत एकही निर्माता मला असा भेटला नाही ज्याने पहिल्या बैठकीत 'पण यातून मुलांनी काय घ्यायचं?' असं विचारलं नाही. आणि शाळेत सिनेमा संपला की मुख्याध्यापक उठून तेच विचारतात. मुलं हुशार असतात. ती उभी राहून म्हणतात, 'या चित्रपटातून आम्हाला झाडे लावण्याची शिकवण मिळाली.' सिनेमात झाड असो वा नसो. परीक्षेचं उत्तर आहे ते. मी एवढंच विचारते की कुठला तुकडा परत बघायचाय. मग मात्र हात वर होतात, आणि जे तुकडे येतात ते संदेशाचे कधीही नसतात. 'तो पडला आणि त्याने कुणी पाहिलं का ते बघितलं, तो.' 'ती खोटं बोलली आणि मग नख खात बसली, तो.'

याचा अर्थ सिनेमात संस्कार नकोत असा नाही. 'श्यामची आई'पेक्षा जास्त संस्कार कुठे असतील? आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि गोष्ट तर पानोपानी शिकवण देणारी. पण साने गुरुजींनी ती लिहिली कशी ते बघा. श्याम पोहायला घाबरतो आणि लपून बसतो. आई त्याला शोधून शिंपटीने मारते. इतकी मायाळू आई, आणि मारते. मुलगा रडतो, संतापतो, जातो, पोहतो. शिकवण आहेच, पण ती दोन माणसांच्या भांडणातून आलीय, आणि त्या भांडणात श्यामची बाजूही पूर्ण मांडलीय. ऐकणाऱ्या मुलाला ठरवावं लागतं: आईने मारायला हवं होतं का? आजही मी हे मुलांना सांगितलं की वर्गात दोन तट पडतात. त्यांच्यात तो वाद होऊ द्यावा. संदेश म्हणून वाक्य आयतं हातात दिलं की वाद संपतो.

'तारे जमीन पर'बद्दल लोक मला नेहमी विचारतात. २००७ सालचा तो सिनेमा मला मनापासून आवडतो, आणि तरी त्याचे मी दोन भाग करते. शिक्षक येईपर्यंतचा सिनेमा ईशानचा आहे: डबक्यातले मासे, रस्त्यावरची भटकंती, अक्षरं वाचताना होणारी दमछाक. शिक्षक आल्यावर तो हळूहळू शिक्षकाचा होतो. मोठी माणसं मोठ्या माणसांना समजावून सांगू लागतात की मुलांशी कसं वागावं. ते पालकांना हवंच होतं, त्याने पुष्कळ घरांत फरकही पडला असेल. पण मुलं बघताना मी पाहिलंय की त्या भाषणांच्या वेळी ती पाणी प्यायला उठतात, आणि त्या चित्रवहीच्या वेळी परत येतात. ईशानने वहीच्या पानांवर चित्रं काढलीत, पानं भर्रकन सोडली की घरची माणसं आणि तो यांच्यात अंतर पडत जातं. एक शब्द नाही. जे काही कळायचं ते त्या हलत्या पानांतून मुलाने स्वतः काढायचं.

घाबरणं आणि रडणं. दाखवा. मनात शंका ठेवू नका. आपल्या बालरंगभूमीवर रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण बघायला पिढ्यान् पिढ्या मुलं गेली. तिला घाबरायचं आणि पुन्हा तिलाच बघायला जायचं. मुलांना भीती नको असते असं नाही. त्यांना एकटं घाबरायचं नसतं. शाळेच्या हॉलमध्ये शेजारी मांडीला मांडी लावून मित्र बसलेला असतो, म्हणून सामूहिक खेळ हीच भीतीची खरी जागा.

हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' १९८८ सालचा, अगदी छोट्यांचा म्हणून ओळखला जाणारा. पण त्याच्या पोटात केवढी भीती आहे! आई दवाखान्यात आहे, आणि मुलींना कुणी नीट सांगत नाही की ती बरी होणार का. धाकटी मेई आईला द्यायला मक्याचं कणीस घेऊन एकटीच निघते आणि हरवते. तळ्यात कुणाला तरी छोटी चप्पल सापडते. थोरली सात्सुकी धावत येते, चप्पल बघते, आणि म्हणते की ही मेईची नाही. त्या चप्पल बघण्याच्या क्षणी माझ्यासमोर पहिलीतल्या मुलाला कळलेलं असतं की इथे काय घडलेलं असू शकतं. 'मरण' हा शब्द कुणी उच्चारत नाही. आणि लगेच दिलासाही आहे. भीती खरी, दिलासाही खरा, आणि दोन्ही मोजून दिलेलं.

वाईट कशाला म्हणते ते आता सांगते. मूल रडतंय, कॅमेरा त्याच्या गालावरच्या थेंबाजवळ जातोय, सारंगी लागलीय, आवाज वाढतोय. म्हणजे पाहणाऱ्याला हुकूम आहे: रड. चांगल्या सिनेमातलं मूल बहुतेक वेळा रडू लपवत असतं, आणि ते रडू शोधून काढणं हे आपलं काम होतं. संदीप सावंतांच्या 'श्वास'मध्ये नातवाची दृष्टी जाणार हे आजोबांना कळलंय. शस्त्रक्रियेआधी ते त्याला दवाखान्यातून उचलतात आणि शहर दाखवायला नेतात. पोरगा मजेत आहे. जत्रेसारखा दिवस. जे दुःख आहे ते सगळं आजोबांच्या बघण्यात आणि आपल्या पोटात. सहावी-सातवीची मुलं हा भाग बघताना काहीच बोलत नाहीत, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

आणि इथे सेटवरची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पडद्यावरच्या चांगल्या-वाईटाचं मूळ बरेचदा तिथे असतं. मी नवीन होते तेव्हा एका शूटिंगला सात वर्षांच्या मुलाला रडू येईना. संध्याकाळ होत होती, उजेड जात होता. दिग्दर्शकाने त्याला बाजूला नेऊन सांगितलं की तुझ्या आईला अपघात झालाय. पोरगं टाहो फोडून रडलं. शॉट मिळाला, सगळ्यांनी वाखाणला. आई पाच मिनिटांनी चहाचा कप घेऊन आली तेव्हा त्या मुलाने तिला जे घट्ट धरलं, ते पाहून मी त्या रात्री त्या सिनेमाचं काम सोडलं. पुढे तो सिनेमा पूर्ण झाल्यावर पाहिला. शॉट खोटा वाटत होता. रडणारा चेहरा खरा होता, पण तो गोष्टीतल्या मुलाचा नव्हता, फसवलेल्या मुलाचा होता. पाहणाऱ्या मुलांना हा फरक शब्दांत सांगता येत नाही, पण त्या जागी ती अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघतात.

आता कायदा पुष्कळ स्पष्ट आहे. बालकामगारविषयक केंद्रीय नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला ५ तासांहून अधिक काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय ३ तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही. कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध, संमतीविरुद्ध काम करून घ्यायचं नाही हेही त्यात लिहिलंय. माझ्या दृष्टीने हे शेवटचं कलम कलेचंसुद्धा आहे. मुलाला ठाऊक हवं की हा खेळ आहे, आणि खेळात त्याला खरी जागा हवी.

म्हणून मुलं निवडताना मी 'एक्स्प्रेशन' देणाऱ्या मुलांपासून लांब राहते. भुवया उडवायला, डोळे मोठे करायला, वाक्याच्या शेवटी थांबायला शिकवलेली मुलं भराभर काम करतात, पण समोरच्याचं ऐकत नाहीत. मी दोन मुलांना एकत्र बसवते, एकाला घरची कसलीही गोष्ट सांगायला लावते, आणि बघते मात्र दुसऱ्याला. ऐकता ऐकता ज्याचा चेहरा आपोआप बदलतो, तो माझा. 'टिंग्या'तला शरद गोयेकर, 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे, दोघेही गावाकडची, कॅमेऱ्याची सवय नसलेली मुलं, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांना बघताना लक्षात ठेवण्यासारखे आहेत ते त्यांचे न बोलण्याचे प्रसंग. अमोल गुप्ते यांनी 'स्टॅनले का डब्बा' शनिवारच्या कार्यशाळांतून चित्रित केला, मुलं आपली खेळायला-शिकायला येत होती, आणि त्यांच्या वागण्यात तो मोकळेपणा शेवटपर्यंत दिसतो. फ्रान्समध्ये फ्रँस्वा त्रुफोने १९५९ सालीच 'फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये सुधारगृहातल्या मुलाखतीच्या प्रसंगात ज्याँ-पिएर लेओला उत्तरं स्वतःच्या मनाने देऊ दिली होती. त्या उत्तरांत मुलगा अडखळतो, खांदे उडवतो, मध्येच हसतो. असं लिहून मिळत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडंच. तो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आहे का, एवढं बघा. स्पीलबर्गने १९८२ च्या 'ई. टी.'मध्ये आई सोडून बाकीची मोठी माणसं बराच काळ कमरेखालीच दाखवलीत. किल्ल्यांचा जुडगा, पँट, बूट. मुलाचं जग तेवढ्या उंचीवर असतं. अविनाश अरुणने 'किल्ला' दिग्दर्शित केला आणि त्याचा कॅमेराही स्वतःच सांभाळला. आईच्या बदलीमुळे कोकणातल्या गावात आलेल्या चिन्मयला सायकल शर्यतीनंतर मित्र किल्ल्यात एकटा सोडून जातात, वर पाऊस. तो एकटेपणा दगडांच्या उंचीतून आणि पावसाच्या आवाजातूनच येतो. २०१४ साली बर्लिन महोत्सवात या सिनेमाला क्रिस्टल बेअर मिळालं, आणि ते देणारे परीक्षक मुलंच असतात, याचा मला त्या पुरस्काराहूनही जास्त आनंद झाला होता.

गाण्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या फसलेल्या सिनेमात ती होती म्हणून सांगते. गाणी असण्या-नसण्याने काही ठरत नाही. सत्यजित राय यांच्या १९६९ सालच्या 'गुपी गाइन बाघा बाइन'मध्ये भरपूर गाणी आहेत. पण तिथे भुतांच्या राजाने वर दिलाय की हे दोघे गाऊ लागले की ऐकणारा जागच्या जागी थिजेल. म्हणजे गाणं हेच हत्यार. गाणं सुरू झालं की पोरं बघत राहतात, कोण थिजलं, कोण थिजायचं राहिलं. गोष्ट थांबवून घातलेलं गाणं आणि गोष्ट पुढे नेणारं गाणं यांत हा फरक आहे.

एक सावधगिरी. मुलांवरचा सिनेमा आणि मुलांसाठीचा सिनेमा एक नाहीत. 'फँड्री' हा जातीमुळे हिणवल्या जाणाऱ्या जब्यावरचा सिनेमा आहे, पण त्याने शेवटी भिरकावलेला दगड आपल्या, मोठ्यांच्या दिशेने आलाय. तो आठवीच्या पुढच्यांना दाखवा, आणि दाखवण्याआधी तुमच्या वर्गात कोण कुठून आलंय याचा विचार करा. त्या दिवशी वर्गातल्या कुणाला सगळ्यांच्या नजरा आपल्यावर वळल्यासारखं वाटता कामा नये. 'शाळा' नववीला. 'श्वास' सहावीपासून. 'नाळ' चौथी-पाचवीलाही चालेल, पण वर्गात दत्तक आलेलं मूल असेल तर आधी त्याच्या घरच्यांशी बोला. दत्तक असल्याचं चैत्याला कळतं, हाच त्या गोष्टीचा गाभा आहे.

पुढच्या शनिवारी काय लावू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. अल्बेर लामोरिसचा 'रेड बलून' लावा. १९५६ सालचा, फ्रेंच, ३४ मिनिटांचा. एका तासिकेत बसतो आणि संवाद इतके कमी की माईक लागणार नाही. पॅरिसमधला एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे येणारा एक लाल फुगा. दुसरी ते सातवी सगळ्यांना एकत्र बसवा. आधी माहिती सांगू नका, फुगा म्हणजे काय हे तर मुळीच नाही. तुम्ही भिंतीपाशी, मुलांकडे तोंड करून बसा. शेवटाकडे इतर पोरं गलोलींनी त्या फुग्याच्या मागे लागतात, तिथे दुसरीतली मुलं बघा. आणि सिनेमा संपल्यावर दिवे लगेच लावू नका, मुख्याध्यापकांनाही आधीच सांगून ठेवा. दोनेक मिनिटं तशीच जाऊ द्या. कुणीतरी आपणहून बोलेल. ते काय बोललं, ते जमलं तर मला कळवा.